बेहरूझ आगांचं ‘नको’

आमच्या बिल्डिंगच्या तळघराच्या भिंती इतक्या जाड आहेत की खाली फोनला रेंज येत नाही. जिन्याच्या खालून तिसऱ्या पायरीवर मात्र येते. रोज सकाळी आठला त्या पायरीवर एक उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ भिंतीला टेकून उभे असायचे आणि हातातल्या फोनकडे बघून हसत असायचे. जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला ते अंग चोरून वाट द्यायचे आणि वर माफीही मागायचे. मी पीएच.डी.साठी ॲन आर्बरला आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी तीनदा माफी मागितली. या माणसाने काहीतरी मोठा गुन्हा केलेला असावा, असं मला वाटलं होतं.

हे बेहरूझ आगा. इराणमधल्या शिराझचे. आगा म्हणजे आपल्याकडचं राव. तळघरात आमच्या विभागाचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे, कपाटाएवढा उंच आणि सासूबाईंसारखा लहरी, आणि तो सांभाळणं हे आगांचं काम होतं. फोनवर त्यांची आई असायची. शिराझमध्ये तेव्हा संध्याकाळचे साडेचार वाजलेले असत, म्हातारी दुपारची झोप काढून उठलेली असे आणि अंगणातल्या आंबट संत्र्यांच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेली असे. ते अमेरिकेत आल्यापासून तो फोन चुकला नव्हता. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं, पण आगांची अदब इंग्रजीत मावायची नाही. मराठीत ती जरा बरी मावते. ते मला ‘पल्लवी-खानुम’ म्हणायचे, म्हणजे पल्लवीबाई. मला तेव्हा तेविसावं लागलं होतं.

पहिल्या भेटीत मी त्यांना खूश करायला म्हटलं, “आमच्याकडे पुण्यात इराण्यांची हॉटेलं आहेत, बनमस्का आणि चहा इतका भारी मिळतो!” आगांनी फार आदराने विचारलं, बनमस्का म्हणजे काय? मी समजावून सांगितलं. पाव, त्यात लोणी, तो चहात बुडवायचा. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं. आपल्या देशाच्या नावावर परदेशात हे खपवलं जातंय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

काम करण्याची त्यांची एक पद्धत होती. यंत्र बिघडलं की आम्ही मुलं आधी स्क्रीनवरचा एरर वाचायचो, मग कंपनीला ईमेल लिहायचो. आगा स्टूल ओढून पंपाजवळ बसायचे, त्यावर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. दोन मिनिटं, कधी पाच. “आधी त्याचं ऐकून घ्या,” म्हणायचे, “कंपनीचं नंतर ऐका.” शिराझच्या विद्यापीठात त्यांनी एक जुनं जर्मन यंत्र अकरा वर्षं चालवलं होतं. निर्बंधांमुळे सुटे भाग येत नसत. कंपनी भाग तर सोडाच, पत्राला उत्तरही देत नसे, कारण उत्तर देणंही म्हणे नियमात बसत नव्हतं. त्या यंत्रात केसाएवढ्या तारेची एक वात असते, ती जळाली की यंत्र आंधळं होतं. इथे तशा दहा वातींची डबी दोन दिवसांत घरपोच येते. आगा तिथे भिंगाखाली धरून प्रत्येक तार स्वतः वाकवायचे. एक तार बरोबर वाकायला पंधरा मोडायच्या.

त्यामुळे त्यांना काही फेकता येत नसे. तळघरातल्या एका भिंतीला पूर्ण खणच खण होते, आणि त्यांत वापरून झालेले स्क्रू, रबरी रिंगा, स्प्रिंगा, तुटक्या वायरी जातवारीने लावलेल्या. प्रत्येक खणावर फारसीत चिठ्ठी. एकदा मायक्रोस्कोप थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीचं झाकण गळायला लागलं. कंपनीचा माणूस आला, बघून गेला, आणि टाकीच बदला म्हणाला, दीड महिना लागेल. माझे नमुने तयार होते, प्रोफेसर रोज विचारत होते. आगांनी झाकणाचा घेर दोरीने मोजला, दोरी माझ्या हातात दिली आणि विचारलं, “एवढी रबरी रिंग तुमच्या देशात कशाला लावतात?” मी दोरीचं वेटोळं करून बघितलं. पाच लिटरच्या कुकरला! त्याच दुपारी बस पकडून मी इंडियन ग्रोसरीतून कुकरची रिंग आणली. ती आजही त्या टाकीवर आहे आणि कंपनीच्या माणसाला आम्ही ती दाखवलेली नाही.

ओंकार माझ्याच लॅबमधला, पुण्याचा, मनाने निर्मळ, पण समोरचा बोलला ते सरळ खरं मानणारा. आगांकडे चहाचा एक थर्मास होता. पितळी बुडाचा, निळ्या वेलबुट्टीचा, आईने निघताना दिलेला. ओंकार एकदा सहज म्हणाला, “वॉव, काय सुंदर थर्मास आहे!” आगा लगेच उठले, थर्मास पुसला, दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणाले, “हा तुमचाच आहे.” ओंकार म्हणाला, “रिअली? थँक यू सो मच!” आणि घेऊन गेला.

पंधरा दिवस आगा कँटीनमधून कागदी पेल्यातला चहा आणून पीत होते. चेहऱ्यावर नापसंतीची रेघ नाही. शेवटी वरच्या मजल्यावरच्या एका इराणी मुलीने ओंकारच्या टेबलावर तो थर्मास पाहिला आणि ती जवळजवळ किंचाळली. तिच्याकडून आम्हाला कळलं की या प्रकाराला ‘तारोफ’ म्हणतात. वस्तूचं कौतुक केलं की मालकाने ती देऊ करायची आणि पाहुण्याने घ्यायची नाही. खायला विचारलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो. विचारणाऱ्यानेही पहिल्या ‘नको’वर थांबायचं नाही, तो उद्धटपणा.

ओंकारचा चेहरा पडला. “अरे यार, मग मला कसं कळणार? ही इज अ ग्रोन मॅन, दिलं म्हणजे दिलं ना!”

“तुझ्या आजीने कधी पाहुण्यांना आग्रह केला नाही का रे?” मी म्हटलं.

“आमच्याकडे? आमच्याकडे ‘जेवूनच आला असाल’ म्हणतात.” हे त्याने स्वतःच सांगितलं, मी लावलेलं नाही. त्याच संध्याकाळी तो थर्मास परत देऊन आला.

मला मात्र तारोफ समजावून सांगावा लागला नाही. मी नागपूरची. आमच्या वस्तीत पाहुणा पहिल्या विचारण्याला हो म्हणाला तर लोकांना काळजी वाटते, याच्या घरी काही बिनसलंय का म्हणून. आई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेली, आणि आग्रह करणं हे तिचं दुसरं खातं. एप्रिलमध्ये आम्ही काही जणांनी जयंतीनिमित्त एकत्र जेवण केलं तेव्हा मी आगांना बोलावलं. पाटवडीचा रस्सा केला होता. त्यांनी दोनदा नको म्हटलं, मी तिसऱ्यांदा वाढलं, आणि त्यांनी पाच पाटवड्या खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम, आणि तरी म्हणत होते, “फार सौम्य आहे.” व्हिडिओवर आई होती. ती म्हणाली, “जय भीम, आगासाहेब! पोरीनं तिखट कमीच टाकलं असंन.” आगांनी छातीवर हात ठेवून मान लववली आणि अगदी स्वच्छ ‘जय भीम’ म्हणाले. मला वाटलं, हे दोन देश चुकून लांब लांब ठेवले गेलेत.

राजकारणावर ते क्वचित बोलायचे. ओंकारला वाद घालायला आवडतं. निर्बंधांनी सरकारं वाकतात की नाही, असा विषय त्याने एकदा काढला. आगांनी बराच वेळ साखरेचा खडा दातांत धरून चहा घेतला. मग म्हणाले, “निर्बंध राजवाड्यावर लागतात, असं वर्तमानपत्रात लिहितात. मला माहीत आहे ते पंपाच्या तेलावर लागतात, आणि माझ्या आईच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांवर.” थोडं थांबून म्हणाले, “आणि आमच्या पोरांवर जे काठ्या उगारतात, त्यांना तेलही मिळतं आणि थेंबही.” मग त्यांनी विषय बदलला आणि ओंकारलाही तो पुन्हा काढावासा वाटला नाही.

आगांची आईशी होणारी ती रोजची भेट मी पुढे पुढे जवळून बघितली, कारण मला बघून म्हातारी हात हलवायची आणि मग मला त्या पायरीवर थांबणं भाग पडायचं. मला फारसी येत नाही, तिला इंग्रजी येत नाही, पण आम्ही खूप बोलायचो. ती मला रात्रीच्या जेवणासाठी शिजवलेलं दाखवायची. भांड्यात हिरव्या पाल्यात शिजवलेलं मटण, वर तरंगणारं तेल. दर शुक्रवारी, न चुकता. एकदा असा फोन झाल्यावर आगा पायरीवरून हललेच नाहीत. मी विचारलं, काय झालं?

“वाफ नव्हती,” ते म्हणाले.

मला कळलं नाही. ते सांगायला लागले. गेले दोन महिने शुक्रवारी त्या भांड्यातून वाफ निघत नव्हती. मटणाचा सगळ्यात वरचा तुकडा दर वेळी त्याच जागी असायचा, डाव्या कडेला, हाडाची बाजू वर. ती एकदा केलेलं फ्रीजरमध्ये ठेवत होती, शुक्रवारी बाहेर काढत होती, त्यांना दाखवत होती आणि परत आत ठेवत होती. तिकडे महागाईने मटण मागेच सुटलं होतं, पेन्शनमध्ये अंडी बसतील की नाही अशी वेळ आली होती. मुलाने विचारू नये म्हणून म्हातारी मुलाशी तारोफ करत होती. “आयुष्यभर मी केसाहून बारीक वस्तू बघतोय,” आगा म्हणाले, “आणि हे दिसायला मला दोन महिने लागले.” त्यांनी आईला ते कधी बोलून दाखवलं नाही. दर शुक्रवारी ते त्या भांड्याचं कौतुक करत राहिले.

ते तिला भेटायला का जात नाहीत, हा प्रश्न मी मूर्खासारखा पहिल्याच वर्षी विचारला होता. त्यांचा व्हिसा एकदाच आत येण्याचा. एकदा बाहेर पडलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून, तेही तिसऱ्याच कुठल्या देशात जाऊन, महिनोन् महिने थांबून. आणि आता तर अमेरिकेने त्यांच्या देशाला नवे व्हिसा देणंच बंद करून नावापुढे फुली मारली होती. ग्रीनकार्डाची फाइल कुठेतरी पडून होती. म्हणजे आईला भेटायचं तर तळघर सोडायचं, ते खण, ते यंत्र, साठीला टेकलेल्या वयात पुन्हा कुठेच मिळणार नाही असं काम. आई दरवर्षी म्हणायची, येऊ नकोस. आगा दरवर्षी ऐकायचे.

मग माझ्या चौथ्या हिवाळ्यात तिकडे लोक पुन्हा रस्त्यावर उतरले. चलन दिवसागणिक घसरत होतं, बाजार बंद पडत होते, आणि एक दिवस सरकारने इंटरनेटच बंद केलं. सकाळी आठला आगा पायरीवर आले, फोन हातात धरून उभे राहिले, आणि नऊला खाली गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बाहेर गुडघाभर बर्फ होता, बसेस रखडत होत्या, आणि हा माणूस रोज आठच्या ठोक्याला त्या पायरीवर हजर. कामात फरक नाही. उलट त्या दिवसांत त्यांनी सगळा मायक्रोस्कोप उघडून आतून पुसून काढला.

नवव्या की दहाव्या दिवशी मी डबा घेऊन खाली गेले. वरण-भात आणि मेथीची भाजी. आगा टेबलाशी बसले होते. समोर थर्मास होता आणि चहाचे दोन पेले भरलेले होते. मी म्हटलं, “आगा, मी थोडा वेळ बसू का तुमच्याजवळ?”

“नको, नको, पल्लवी-खानुम. मी ठीक आहे. तुमची कामं आहेत.”

आणि मी म्हटलं, “ओके. काही लागलं तर लेट मी नो.” डबा ठेवला आणि निघून आले.

हे मी केलं. ओंकारच्या थर्मासवर महिनाभर हसणारी मी. अमेरिकेत चार वर्षं राहून मला शिकवलं गेलं होतं की समोरचा नाही म्हणाला की ते नाहीच, त्याला त्याची स्पेस द्यायची, पुन्हा विचारणं म्हणजे घुसखोरी. मी ते इतकं छान शिकले होते की जन्मापासून जे येत होतं ते बरोबर नेमक्या वेळी विसरले. पुढे कळलं ते असं. त्याच सकाळी आगांच्या तुर्कस्तानातल्या चुलतभावाकडून फिरत फिरत निरोप आला होता. आई अंगणात बर्फावरून घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि शेजारणीला कळेपर्यंत चार तास तिथेच होती. जिन्यावर माझी पावलं वाजलेली ऐकून आगांनी दुसरा पेला भरला होता.

माझ्या आईला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “एकदा विचारलं आणि निघून आलीस? काहून गं? विचाराचं काय होतं त्यात? डबा ठेवायचा न् बसून राहायचं. हाकललं असतं काय त्यांनी तुला?”

“आई, इथे तसं करत नाहीत.”

“इथे म्हणजे कुठे? तो माणूस अमेरिकन हाय का तू अमेरिकन हायस?”

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी खाली गेले आणि काही न विचारता स्टूल ओढून बसले. आगा म्हणाले, काम नाही का तुम्हाला? मी म्हटलं, आहे. त्यांनी चहा ओतला. त्यानंतर महिनाभर मी रोज एक तास खाली बसले. माफी मात्र मी मागितली नाही, कारण मी मागितली असती तर त्यांनी उलट माझी मागितली असती.

इंटरनेट अर्धंमुर्धं परत आलं तेव्हा आगांची आई इस्पितळातून घरी आली होती. हाडात प्लेट बसली होती, तीही कुठूनशी शोधून आणलेली. पलंगावरून ती पुन्हा रोज आठला दिसू लागली, बारीक झालेली, पण मला बघून हात हलवणारी. आणि रोज एकच वाक्य, ते मला फारसी न येताही पाठ झालं. येऊ नकोस. प्रोफेसरही आगांना म्हणाले, थांबा, फाइल या वर्षी पुढे सरकेल असं दिसतंय.

मार्चमधली दुपार होती. आगा भिंगाखाली काहीतरी धरून बसले होते आणि बराच वेळ त्यांनी त्यात बघितलंच नव्हतं. एकदम म्हणाले, “पल्लवी-खानुम, तुमची आई नको म्हणते, त्यातलं खरं नको कुठलं, हे तुम्हाला ओळखू येतं?”

मी म्हटलं, “तुमची आई काय म्हणते?”

“म्हणते, येऊ नकोस. विमानं धड नाहीत. रस्त्यात अडवतात. या दिवसांत धूळ फार असते, तुला खोकला होईल. शेजारीण चांगली आहे. तुझी खोली गळते, झोपशील कुठे?”

मला उत्तर माहीत होतं आणि ते द्यायची भीती वाटत होती. मी त्यांना माझंच सांगितलं. मला इथे यायचं होतं तेव्हा बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. आई म्हणाली होती, माझ्यासाठी थांबू नको, जा. बस, एवढंच. ते खरं होतं. आणि दोन वर्षांपूर्वी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा म्हणाली, येऊ नको, ऊन लय हाय, तिकिटं महाग हायेत, तुझी परीक्षा हाय, मावशी हाय ना इथं. मी गेले नाही. नंतर मावशीकडून कळलं की आठ दिवस माझ्या पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती आणि आई त्यावर कुणाला बसू देत नव्हती.

“ती खरं नको म्हणते तेव्हा कारणं देत नाही,” मी म्हटलं.

आगांनी भिंग बाजूला ठेवलं. “माझ्या आईने पाच दिली,” ते म्हणाले. मी वर आले आणि मग माझ्या लक्षात आलं. एका माणसाला मी त्याच्या सगळ्या कमावलेल्या आयुष्यातून बाहेर जायला सांगितलं होतं, आणि पुरावा काय, तर नागपूरची एक चादर.

तिसऱ्या दिवशी ते खणांवरच्या फारसी चिठ्ठ्या काढताना दिसले. एकेक काढून त्या जागी इंग्रजी चिठ्ठी लावत होते. मला विचारायची गरज पडली नाही. दोन आठवडे ते काम चाललं. पंपावर माझा हात ठेवून ते विचारत, आता काय म्हणतोय? मी म्हणे, काही नाही, घरघर करतोय. “कुठल्या बाजूने?” सातव्या-आठव्या दिवशी मला बाजू कळू लागली.

माझ्या आईने फोनवरून यादी दिली. हवेची गादी, खुब्याच्या पेशंटला उशी कशी लावायची याचं चित्र, वॉकरच्या पायांना घालायची रबरी टोपणं, दोन जोड. आगांच्या बॅगेत स्वतःचे कपडे शेवटी उरलेल्या जागेत गेले. थर्मास त्यांनी ओंकारला दिला. या वेळी ओंकारने तीनदा नको म्हटलं, चौथ्यांदाही म्हटलं, आणि आगा म्हणाले, “नाही, हा खराच देतोय.”

डेट्रॉइटच्या विमानतळापर्यंत ओंकारने ड्राइव्ह केलं. काचेच्या सरकत्या दारापाशी आगा थांबले आणि हात पुढे करून ओंकारला म्हणाले, आधी तुम्ही. ओंकार आता तयार झाला होता. तो म्हणाला, नाही, आधी तुम्ही. दार उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. मागे बॅगा घेतलेली माणसं खोळंबली होती. मी मधून गेले, तेव्हा कुठे ते दोघं आत आले. सिक्युरिटीच्या रांगेतून आगा दर चार पावलांनी वळून आम्हाला जायची खूण करत होते, थांबू नका, थंडी आहे, उशीर होईल, गाडीला दंड लागेल. आम्ही ते दिसेनासे होईपर्यंत थांबलो.

मग पाच आठवडे काहीच नाही. तिकडे इंटरनेट पुन्हा गेलं होतं. तळघर आता माझ्याकडे होतं, नवा माणूस मिळेपर्यंत. रोज सकाळी मनात एकच यायचं. ती म्हातारी खरंच नको म्हणत असेल तर? तिला आपल्या मुलाला त्या सगळ्यातून लांब ठेवायचं असेल, आणि मी शहाणपणा करून त्याला तिथे पाठवलं असेल तर?

एका रविवारी सकाळी मी कपडे मशीनमध्ये टाकत असताना फोन वाजला. चित्र येत होतं, जात होतं. आगांनी दाढी वाढवली होती आणि ते वाळले होते. अंगणात होते. त्यांच्या पुढ्यात आई वॉकर धरून उभी होती, वाकलेली, पण उभी, आणि मला बघताच तिने हात हलवला आणि भरभर बोलायला लागली. जोरात. बोट आगांकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा आगांकडे. आगा खाली बघून हसत होते. मी विचारलं, काय म्हणतात त्या? ते म्हणाले, काही नाही. आईने वॉकर जमिनीवर आपटला. तिला भाषांतर हवं होतं.

“रागावली आहे,” आगा म्हणाले. “आलो त्या दिवसापासून रागावली आहे. रोज शेजारणीला बोलावून सांगते, आज तुम्हाला सांगतेय.”

“तुम्ही आलात म्हणून?”

त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“म्हणते, सात वर्षं मी याला येऊ नकोस म्हणत होते. आणि विचार याला, हा माझं ऐकत कसा राहिला.”